ऊब आणि चटका

गेल्या वर्षी नोव्हेंबरात माझी मावशी, काका आणि त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा कुवेतला गेले. जाताना मावशीने आमच्या घरी तीन गोष्टी ठेवल्या: मिक्सर, लोणच्याची बरणी आणि काचेच्या टाकीतलं एक कासव. मिक्सर आणि बरणी आईने लगेच आत नेली. कासव माझ्या वाट्याला आलं, कारण घरात रिकामी मीच दिसत होते. मराठी साहित्य घेतलेली मुलगी रिकामीच असते असा आमच्याकडे समज आहे.

निघताना मावसभाऊ रडला नाही. फक्त म्हणाला, "दीदी, मी येईपर्यंत ह्याला सांभाळशील ना?" मी म्हटलं, "सांभाळीन की." बेळगावात शेवटी 'की' लावला म्हणजे शब्द दिला. मग मागे फिरता येत नाही.

कासवाचं नाव योना. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात भावाने माशाच्या पोटातून जिवंत बाहेर आलेल्या योनाची गोष्ट ऐकली होती, आणि पाण्यातून जिवंत वर येणारा कोणीही त्याच्या लेखी योनाच होता. माझ्या तळहाताएवढं, हिरवट पाठीचं, डोळ्यांच्या मागे दोन्ही बाजूंना लाल पट्टा असलेलं हे कासव. दुकानांत ह्याला 'चायनीज कासव' म्हणून विकतात. मुळात ते चीनचं नाही, अमेरिकेतल्या मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातलं आहे. आपल्याकडचं स्टार कासव किंवा तळ्यातलं पाणकासव घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, म्हणून हे परदेशी चालतं. ते वाढलं, लोकांना कंटाळा आला, की ते तळ्यात सोडून देतात. तिथे ते आपल्या कासवांचं अन्न आणि उन्हाला बसायची जागा बळकावतं. जगातल्या सगळ्यात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचं नाव आहे. म्हणजे किल्ला तलावात सोडून मोकळं व्हायची वाट मला बंद होती. आणि अशी कासवं वीस-तीस वर्षं जगतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात बेळगावची खरी थंडी सुरू झाली. कॅम्पातल्या रस्त्यांवर धुकं, सकाळच्या मिस्साला जाताना तोंडातून वाफ, चर्चच्या बाकांवर शालींचे गठ्ठे. योनाने खाणं सोडलं. टाकलेले दाणे पाण्यात फुगून तळाशी बसायचे आणि तो कोपऱ्यात मान आत ओढून पडलेला असायचा. मला वाटलं, भाऊ गेला म्हणून झुरतोय. साहित्याच्या विद्यार्थ्याला पहिल्यांदा हेच सुचतं.

मग एका सकाळी तो पाण्यावर एका अंगाला कलून तरंगताना दिसला, एकाच बाजूला माल भरलेल्या होडीसारखा. नाकाशी बारीक बुडबुडे. मी घाबरून पुण्यातल्या एका पशुवैद्यांना व्हिडिओ पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"पाण्याचं तापमान किती आहे?"

"थंड आहे, डॉक्टर."

"थंड म्हणजे किती?"

माझ्याकडे आकडा नव्हता. विशेषणं भरपूर होती.

संध्याकाळी थर्मामीटर आणला. पाणी १७ अंश. डॉक्टर म्हणाले, ह्या वयाच्या कासवाला पाणी २५-२६ अंश लागतं, आणि वर येऊन बसायच्या दगडावर ३२ ते ३५. फार थंडी पडली तर त्याच्या मायदेशात ही कासवं हिवाळाभर निपचित पडून राहतात. पण १७ अंश ही मधली अवस्था वाईट. झोपही नाही आणि धड जागही नाही. खाल्लेलं पचत नाही, अंगातली प्रतिकारशक्ती मंदावते आणि फुफ्फुसात संसर्ग शिरतो. कलून तरंगणं ही त्याचीच खूण. त्यांनी सांगितल्याप्रमाणे इथल्या डॉक्टरांकडून इंजेक्शनं सुरू केली. पण पुण्याचे डॉक्टर पुन्हा पुन्हा एकच सांगत होते: "ऊब नसेल तर औषधही काम करणार नाही."

आजी म्हणाली, "शाल घाल की त्याच्या टाकीवर." आजीचं म्हणणं मलाही पटलं होतं. शाल आपल्याला ऊब देते असं आपण म्हणतो, पण शाल काहीच देत नाही. आपल्याच अंगातली ऊब ती धरून ठेवते. कासवाच्या अंगात धरून ठेवायला काही नसतं. शाळेच्या पुस्तकात ह्या प्राण्यांना 'शीतरक्ती' म्हटलेलं असतं, आणि त्यावरून आपण त्यांचं रक्तच थंड समजतो. उन्हात बसलेल्या सरड्याचं रक्त आपल्याइतकंच गरम असू शकतं. फरक एवढाच, की ते त्याला बाहेरून मिळवावं लागतं. मोकळ्यावर असताना तो त्यासाठी उन्हातून सावलीत आणि सावलीतून उन्हात सारखा जागा बदलत असतो. काचेच्या टाकीत ठेवला, की त्याचं ऊनही आपण आणि सावलीही आपण.

हे मला आता इतकं नीट लिहिता येतंय. तेव्हा मी फक्त घाईत होते.

पहिल्यांदा पप्पांचा टेबललॅम्प टाकीच्या काठाला चिमट्याने लावला. तासाभराने दगडाला हात लावला तर तो थंडगार. घरातले सगळे दिवे एलईडी. कमी विजेत उजेड देणारा दिवा ऊब कुठून देणार? मग माळ्यावर जुना पिवळा बल्ब सापडला, १०० वॅटचा. तो लावला आणि दगड चांगला तापला. मी खूश झाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खोलीत जळल्यासारखा वास येत होता. प्लॅस्टिकचा होल्डर मऊ पडून बल्ब खाली झुकला होता. मी स्विचकडे जाईपर्यंत योनाने पाण्यात उडी मारली, एक थेंब तापल्या काचेवर उडाला, आणि बल्ब फट् करून फुटला. काचा पाण्यात. योना दगडाखालच्या पोकळीत होता म्हणून वाचला.

मग मी मासे विकणाऱ्या एका दुकानात गेले. दुकानदाराने काचेच्या नळीचा हीटर दिला, २०० वॅटचा. "मोठाच घ्या मॅडम, लवकर तापतंय." बरोबरच आहे, मला वाटलं. प्रेम आणि वॅट जितके जास्त तितके चांगले.

तेवीस डिसेंबरला दुपारी घरात गोठा बांधायचं काम चाललं होतं. थर्माकोलचे डोंगर, गवत, शेवाळ, मेंढ्या. टाकी त्याच खोलीत. एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर गोठ्याची सिरीयल, गॅलरीतला तारा, कासवाचा नवा बल्ब आणि हीटर. मी योनाला बादलीत काढून पाणी बदलायला घेतलं. मगने पाणी उपसत गेले. हीटर चालूच होता, आणि पाणी उतरत गेलं तसा तो उघडा पडला. पाण्याबाहेर हीटरच्या काचेला गार करायला काही नसतं, ती भलतीच तापते. मला हे माहीत नव्हतं. वरून नळाचं गार पाणी ओतलं, तेव्हा टक् असा बारीक आवाज आला. मी दगड सरळ करायला हात घातला आणि कोपरापर्यंत झिणझिणी चढली. हात आपोआप मागे आला. पायात रबरी चप्पल होती. योना बादलीत होता. दोघांच्या वाचण्याचं कारण एवढंच.

शेजारी एक वायरमन काका राहतात. त्यांनी येऊन बोर्ड बघितला, हीटरची दोन पिनांची पिन बघितली आणि मग माझ्याकडे बघितलं.

"एमसीबी पडला नाही होय?"

"नाही."

"पडणार कसा? एमसीबी वायर वाचवतोय बाळ, माणूस नाही वाचवत."

त्यांनी समजावलेलं मी वहीत लिहून घेतलं, कारण अकरावी-बारावी सायन्स करूनही हे मला कधी असं कळलं नव्हतं. एमसीबी पडायला सहा, दहा, सोळा अँपिअर असा जबरदस्त प्रवाह लागतो. २०० वॅटचा हीटर एक अँपिअरसुद्धा घेत नाही. आणि माणसाच्या जिवाला अँपिअरचा अगदी छोटा अंश पुरतो. त्यासाठी वेगळं उपकरण असतं, आरसीसीबी. गेलेला प्रवाह आणि परत आलेला प्रवाह ह्यांत ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे कुठेतरी वीज पाण्यात किंवा माणसात गळतेय असं समजून ते क्षणात लाईन तोडतं. आमच्या घरात ते नव्हतंच. काकांनी दुसऱ्याच दिवशी बसवून दिलं, आणि टाकीसाठी तीन पिनांचा, अर्थिंग असलेला वेगळा प्लग काढला. नाताळचे पैसे घेणार नाही म्हणाले. आईने त्यांना नेवऱ्यांचा डबा दिला.

एवढं होऊन मी शहाणी व्हायला हवी होती. पण खरा चटका अजून बसायचा होता.

चोवीसच्या रात्री आम्ही सगळे मध्यरात्रीच्या मिस्साला निघालो. आजी गुडघ्यांमुळे येऊ शकत नव्हती. तिचे पाय गार पडले होते. मी घाईत गॅसवर पाणी उकळलं, रबरी पिशवी भरली, टॉवेलात गुंडाळली आणि तिच्या पायांशी ठेवली. वरून रजई. "छान वाटतंय गं," आजी म्हणाली. मी तिच्या कपाळाला ओठ टेकवले आणि पळाले.

नाताळच्या सकाळी आईने रजई काढली. टॉवेल रात्रीत कधीतरी सरकला होता. आजीच्या डाव्या टाचेवर लिंबाएवढा फोड होता.

आजीला पंधरा वर्षांपासून शुगर आहे. पायांना मुंग्या येतात, जमीन लागत नाही, असं ती म्हणायची आणि आम्ही "वय झालंय" म्हणून सोडून द्यायचो. डॉक्टरांनी विचारलं, रात्री दुखलं नाही का? आजी म्हणाली, "मला ऊब लागली. चटका कळला नाही."

ती जखम भरायला सात आठवडे लागले. शुगरवाल्या माणसाच्या पायाची जखम म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी आहे त्यांना सांगायला नको. रोज सकाळी ड्रेसिंग करताना आई मला काही बोलली नाही. तिने बोलायला हवं होतं असं मला वाटायचं.

त्याच आठवड्यात मी पुण्याच्या डॉक्टरांना विचारलं होतं, की ऑनलाईन मिळणारा विजेवर तापणारा दगड घेऊ का. ते म्हणाले, अजिबात नको. अशा दगडांत उष्णता सगळीकडे सारखी नसते, एखादी जागा फार तापते. आणि साप, सरडे पोटाखाली भाजेपर्यंत तिथेच बसून राहिलेले त्यांनी बघितलेत. अंग गार असतं, ऊब हवी असते, आणि ती कधी मर्यादा ओलांडते हे त्यांना वेळेवर उमगत नाही. वाक्य ऐकून मी फोन हातात धरून तशीच बसले. आतल्या खोलीत आजी पाय उशीवर ठेवून रोझरी म्हणत होती.

मराठीत उष्णतेसाठी किती शब्द आहेत ते मी एकदा भाषेच्या तासाला फळ्यावर लिहिले होते: ऊब, शेक, धग, आच, झळ, चटका, होरपळ. तेव्हा मी म्हटलं होतं की ह्या शब्दांत भावनेच्या छटांचा फरक आहे. आता मला वाटतं, त्यांत अंशांचा आणि अंतराचा फरक आहे. ऊब आणि चटका एकाच पिशवीतून येतात. देणाऱ्याच्या मनात काय आहे ह्यावरून ते ठरत नाही.

जानेवारीत मी वही घेऊन बसले आणि टाकी पहिल्यापासून मांडली. प्रत्येक वस्तूला दुकानदार विचारतो तो प्रश्न, म्हणजे "किती लवकर तापतं", मी सोडून दिला. त्याऐवजी एकच विचारायचं ठरवलं: हे बिघडलं तर काय होईल?

हीटरला तो प्रश्न विचारल्यावर बारावीचं फिजिक्स उपयोगी पडलं. स्वस्त हीटरच्या आत दोन धातूंची पट्टी असते. ती तापून वाकली की संपर्क सुटतो आणि हीटर बंद होतो. कधीतरी तो संपर्क चिकटून बसतो, आणि मग हीटर बंदच होत नाही. माझ्या टाकीत ५० लिटर पाणी. २०० वॅटचा हीटर एवढं पाणी साधारण साडेसतरा मिनिटांत एक अंशाने तापवतो. रात्री दहाला तो चिकटला, तर काचेतून निसटणारी उष्णता धरूनही पहाटेपर्यंत पाणी पस्तिशीपार. योना शिजला असता, आणि मी सकाळी "काल तर बरा होता" म्हणाले असते. ५० वॅटचा हीटर त्याच पाण्याला एक अंशासाठी एक तास दहा मिनिटं घेतो. खोली १८ अंशांवर असताना मी तो दिवसभर सतत चालू ठेवून बघितला. पाणी २६ वर जाऊन थांबलं. म्हणजे तो चिकटला तरी कोणी मरणार नाही. कमी ताकद हीच त्याची सुरक्षितता.

कमी वॅटला मदत म्हणून उरलेला थर्माकोल वापरला. गोठ्याचे डोंगर कापून टाकीच्या तिन्ही बाजूंना बाहेरून लावले. वीज गेली तरी पाणी लगेच गार होत नाही. एका डोंगरावर अजून मेंढीचा पाय चिकटलेला आहे.

हीटर मुद्दाम जाळीच्या आवरणाचा घेतला. कासव जोरात धडका मारतं, उघडी काच टिकत नाही, आणि तापलेल्या नळीला टेकून झोपलं तर भाजतं. शिवाय बाहेर एक वेगळा थर्मोस्टॅट लावला, २८ अंशांच्या वर गेलं की प्लगच बंद करणारा. एकाने दगा दिला तर दुसरा असावा. पाणी बदलायचं असेल तर आधी प्लग काढायचा, पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, हीटर गार झाला की मगच पाण्याला हात. हा नियम मी टाकीवर कागदावर लिहून चिकटवलाय, कारण घाईत मी कशी वागते ते मला आता माहीत आहे. वायरही बोर्डापेक्षा खाली झोका देऊन मग वर नेली आहे. वायरवरून ओघळलेलं पाणी त्या झोक्याच्या तळाशी टपकतं, बोर्डात जात नाही.

दिव्याचंही तसंच. ६० वॅटचा साधा पिवळा बल्ब, चिनी मातीच्या होल्डरमध्ये, बाहेरून तारेची जाळी. चिमट्यावर भरवसा नाही. वरून साखळीने टांगला आणि चिमटा फक्त हलू नये म्हणून. दिवा खाली पडणं हे आग लागण्याचं सगळ्यात साधं कारण आहे. किती उंचीवर टांगायचा हे मोजूनच ठरतं, कारण अंतर निम्मं केलं की झळ जवळपास चौपट होते. आमच्याकडे दगडापासून २५ सेंटिमीटरवर ३३ अंश मिळाले. सुरुवातीला मी कोविडच्या वेळचं कपाळावर धरायचं यंत्र दगडावर धरून बघितलं होतं. ते नुसतं 'लो' दाखवायचं. त्याला ताप असलेल्या माणसांचीच भाषा येते. शेवटी वायर असलेले दोन डिजिटल थर्मामीटर घेतले. एक दगडावर, एक पाण्यात दूरच्या टोकाला.

रात्री दिवा बंद. लाल बल्ब रात्री चालतो असं काही जण सांगतात, पण ह्या कासवांना लाल रंग चांगला दिसतो. रात्रभर लाल दिव्यात झोपायला आपल्यालाही आवडणार नाही. माझ्या वर्गातल्या एका मित्राच्या चुलत्यांकडे परदेशी साप आहे. त्यांच्याकडे रात्रीसाठी उजेड न देणारा सिरॅमिकचा हीटर आहे. तो चांगला, पण त्याचा पृष्ठभाग दोनशे अंशांच्या वर जाऊ शकतो. त्याला जाळी नसेल तर साप त्याला वेटोळं घालतो. त्यांनी जाळीही लावलीय आणि थर्मोस्टॅटही. पेटीखाली घालायची हीट मॅटही थर्मोस्टॅटशिवाय वापरायची नाही, असं ते म्हणतात. प्राणी बदलला तरी प्रश्न तोच राहतो.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट विकत मिळत नाही. ती म्हणजे टाकीचं दुसरं टोक. एका टोकाला दिवा आणि तापलेला दगड, दुसऱ्या टोकाला गारवा आणि आडोसा. पूर्ण टाकी एकसारखी गरम करून ठेवली तर कासवाला निवडायला काही उरत नाही. त्याला ऊब देणं म्हणजे त्याला ऊब सोडून जाता येईल अशी जागाही देणं.

हे उन्हालाही लागू आहे. दुपारी मी योनाला मागच्या अंगणात टबमध्ये ठेवते. खिडकीच्या काचेतून येणारं ऊन चालत नाही. कवच आणि हाडं घट्ट व्हायला लागणारी किरणं काच अडवते, आणि उन्हात ठेवलेली काचेची टाकी बघता बघता भट्टी होते. म्हणून उघडं ऊन, वीस-पंचवीस मिनिटं, आणि टबवर अर्ध्या भागात फळी. पहिले दोन दिवस तो फळीखालीच बसला. तिसऱ्या दिवशी बाहेर आला, मागचे दोन्ही पाय ताणून पसरले आणि डोळे मिटले. मी मोबाईल काढला नाही. नुसती बघत बसले.

तेव्हा मला योनाची गोष्ट आठवली. धर्मशिक्षणाच्या वर्गात सगळ्यांना मासा लक्षात राहतो. गोष्टीचा शेवट कोणी सांगत नाही. शेवटी योना निनवे शहराबाहेर उन्हात बसलेला असतो. देव त्याच्या डोक्यावर सावलीसाठी एक वेल उगवतो, आणि दुसऱ्या दिवशी किडा लावून तो सुकवतो. मग ऊन आणि गरम वारा योनाला असह्य होतात. पुस्तक संपतं ते देवाच्या प्रश्नावर, आणि त्या प्रश्नात शहरातल्या माणसांबरोबर जनावरांचाही उल्लेख आहे. मी घरी येऊन तो अध्याय पुन्हा वाचला. चारच छोटे अध्याय आहेत, बसल्या बैठकीला होतात.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात योना सरळ पोहायला लागला. महिन्याच्या मध्यावर त्याने पहिला दाणा खाल्ला. त्या रात्री कुवेतहून व्हिडिओ कॉल आला. मावसभाऊ ओरडला, "दीदी, हा केवढा झाला!" खरं तर तो तेवढाच होता. मी त्याला फुटलेला बल्ब, तडकलेला हीटर ह्यांतलं काही सांगितलं नाही. मोठा झाला की सांगेन. हे कासव त्याच्याबरोबर मोठं होणार आहे, तेव्हा त्याला हे सगळं लागेल.

आजीच्या टाचेवर आता पुसट गुलाबी खूण आहे. गरम पाण्याची पिशवी बंद झाली नाही, पण तिची रीत बदलली. आजी झोपायच्या आधी मी ती अंथरुणात ठेवते, अंथरूण उबलं की काढून घेते, आणि मग आजी लोकरीचे मोजे घालून पाय आत घेते. पहिल्यांदा ती कुरकुरली, "एवढं काय गं, राहू दे की थोडा वेळ." मी नाही म्हटलं. मी तिच्यापुढे सहसा नाही म्हणत नाही.

रोज सकाळी मी दोन्ही थर्मामीटरचे आकडे वहीत लिहिते. आजी आतून विचारते, "किती आहे गं आज?"

"पाणी पंचवीस, दगड तेहतीस."

"असू दे मग," आजी म्हणते, आणि रोझरी पुढे चालू करते.